सख्ख्या भावाचे ब्रेक

९ मार्च

दादा,

नमस्कार. पत्र पोचलं. वहिनीचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. मी मजेत आहे. माझ्या गॅरेजची जागा लहान आहे, दोन गाड्या आत घेतल्या की तिसरीने बाहेर ताटकळायचं. पण शटरची चावी माझ्या खिशात असते.

तू लिहिलंस, बाबांचे हात थरथरतात, त्यांच्या गॅरेजात कामाला परत ये, 'पण ते इकडचं तिकडे जोडायचे उद्योग बंद.'

बंद होणार नाहीत.

मागच्या आठवड्यात माझी गाडी तपासणीला नेली होती. मॉडेल साधंच, पण पुढचे ब्रेक त्याच कंपनीच्या, त्याच सांगाड्यावर बांधलेल्या वेगवान मॉडेलचे. डिस्क मोठ्या, त्यांना आवळून धरणारे कॅलिपर मोठे. एक भोक पाडलं नाही की काही कापलं नाही. फक्त चाकं एका इंचाने मोठी घ्यावी लागली. तपासनीस वाकून बघत म्हणाला, "हे हिचे नाहीत."

म्हटलं, "हिच्या सख्ख्या भावाचे आहेत."

तो हसला. मग गाडी रोलरवर चढवली, करकचून ब्रेक मारला. मीटरवर दोन्ही चाकांचे काटे बरोबरीने वर गेले. शिक्का मारला त्याने.

त्याला सांगितलं नाही ते तुला सांगते. हे दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीचे ब्रेक आहेत. हो, त्याच बाई; त्यांच्या साध्या गाडीला मी बसवलेले, तेच ब्रेक. भिंतीवर आदळलेली ती गाडी मी भंगारातून उचलली, ब्रेक काढून धुतले, पाइप आणि वॉशर तेवढे नवे घालून माझ्या गाडीला लावले. गेलं दीड वर्ष रोज त्यांच्यावर घाट उतरते.

ती आदळली तेव्हा बाबांच्या गॅरेजभर एकच बोलणं होतं, पोरीने भलत्याच गाडीचे ब्रेक लावले. बाबा एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या जिवाशी खेळलीस." मी पाने आवरले आणि निघाले.

पण ते ब्रेक बसवले त्या दुपारी तू काय म्हणाला होतास? "तू जेवून घे, डावा पाइप मी आवळतो." संध्याकाळी गाडी आदळल्याची खबर आली, तेव्हा ब्रेकचं तेल गळू नये म्हणून त्या पाइपला घालायचे, मी बाकावर ठेवलेले नवे वॉशर तिथेच पडलेले होते, पुडीसकट. तूही पाहिलेस. माझ्याकडे बघितलंस आणि पुडी खिशात घातलीस.

तुझं लग्न अकरा दिवसांवर आलं होतं. मी तोंड शिवलं. वाटलं, लग्न उरकलं की तू आपणहून बोलशील.

काल डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांचं मनगट अजून पूर्ण वळत नाही. शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललीस?" तेवढा दोष माझा, तो मी घेते. तुझ्या वाटचा यापुढे घेणार नाही.

रविवारी सकाळी येते, याच गाडीने. बाबांना भेटायला येते, कामाला नाही. त्यांना हे तुझ्या तोंडून कळावं असं फार वाटतं रे. पाच दिवस आहेत. तू गप्प राहिलास तर त्यांच्या शेजारी बसून मी सांगेन, तुझ्यासमोर.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी