खाऱ्या पाण्यातला वॉर्ड

चि. छोटूस (साठीला टेकलास म्हणून काय झालं, आमच्यासाठी छोटूच),

ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? भावजयबाईंचं पित्त? लेकीची आणि तान्ह्या नातीची तब्येत उत्तमच असणार, कारण तिथे तुझ्याकडे फक्त बघ्याचं काम आहे. इकडे मी सुखरूप, तुझं घर सुखरूप, आणि निघताना ज्यांच्यासाठी दारातून पुन्हापुन्हा परत येत होतास ते तुझे खाऱ्या पाण्यातले मासे सगळेच्या सगळे हयात आहेत. हे वाक्य भावजयबाईंना मोठ्याने वाचून दाखव. "ताईंच्या हाती दिलेत म्हणजे आता विसरा," असं त्या जिन्यात म्हणाल्या ते मला ऐकू आलं होतं. (मेट्रन निवृत्त होते, तिचे कान होत नाहीत.)

फोनवर तू म्हणालास की आल्यावर टाकी दातांच्या डॉक्टरांना देऊन टाकायची, त्यांना ती पेशंट बसतात त्या खोलीत हवी आहे, आणि तुम्हाला आता लेकीकडे सारखं जावं-यावं लागणार. देणारा तू, घेणारे ते, मी मध्ये बोलणारी कोण? मी अवाक्षर काढणार नाही. टाकीचा रिपोर्ट तेवढा देते, मग तूच काय ते ठरव.

तू चिठ्ठी ठेवलीस, "मासे नॉर्मल वागतायत ना, लक्ष ठेव." नॉर्मल म्हणजे काय, ते लिहायला मात्र विसरलास. पहिल्याच संध्याकाळी टाकीचा दिवा आपोआप बंद झाला आणि त्या केशरी-पांढऱ्या जोकर जोडीतली मोठी (मोठी ती बायको, हे सांगायला मला पुस्तक लागलं नाही, कोण कोणाला कोपऱ्यात दाबतंय ते बघितलं) एका कुशीवर कलंडून पाण्यात लोंबकळायला लागली. पेशंट प्रतिसाद देत नसेल तर त्याला जागं करायचं, ही माझी आयुष्यभराची शिस्त. मी दिवा लावला. ती सरळ झाली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. मी दिवा घालवला, ती कलंडली. मी पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघंही खाण्याकडे ढुंकून बघेनात. मी अशक्तपणा असं निदान केलं, आणि मग टाकीसमोर हसत सुटले. अगं बाई, ही तर झोपली होती! झोपेची गोळी द्यायला पेशंटला गदागदा हलवून उठवणारी जात आमची, माशांना काय सोडणार?

तिथून पुढे मी निदान करणं थांबवलं आणि स्टूल ओढून नुसती बसायला लागले. पण मध्येच एक प्रकार झाला, तो सांगायलाच हवा, नाहीतर शेजारीण सांगेल. तुझा पिवळाधमक मासा, दिवसभर टाकीत घिरट्या घालतो तो, गायब झाला. माझ्या वॉर्डातून पेशंट न सांगता कधी गेला नाही रे! सोफा सरकवला, गालिचा झटकला, तुझे बूट उलटे केले. मग शेजारणीच्या मांजराचा संशय आला, म्हणून टॉर्च घेऊन गेले आणि त्याचं तोंड उघडून दाढांपर्यंत तपासलं. (मांजराने सहकार्य केलं. शेजारणीने नाही.) पठ्ठ्या दोन दिवसांनी सकाळी वाळूतून डोकं काढून, अंग झटकून हजर! वाळूत पुरून घेऊन झोपायची सवय आहे त्याला, भेदरला की मुक्काम लांबवतो. हे तू मला सांगायला हवं होतंस.

आता मात्र मला एकेकाची कुंडली पाठ आहे. जोकर जोडी आपला कोपरा सोडत नाही, कारण ती घरकोंबडी आहेत, आजारी नाहीत. कोळंबी मेली म्हणून मी हळहळले, तर ते तिने टाकलेलं जुनं कवच निघालं आणि बाईसाहेब दगडाआडून मिशा हलवत बघत होत्या. आणि दगडावर पंखांची कोपरं टेकून दिवसभर बसणारा तो बोडका मासा, त्याला मी आधी मनाने खचलेला समजले होते; त्याचा स्वभावच तो. म्हणून तर परवा मी हातातलं काम टाकून धावले. बोडका दगड सोडून वर आला होता! बाकीचे सगळे पाण्याच्या वरच्या थरात तोंडं वासत होते, कल्ले भराभरा हलत होते. असे श्वास मी जन्मभर पाहिलेत. पाहिलं तर पाणी घुसळणारा पंप बंद. सुरू केला आणि एकेक जण खाली उतरेपर्यंत जागची हलले नाही. बोडका परत दगडावर बसला तेव्हा, खरं सांगते, ऊर भरून आला. दुसरं कोणी असतं तर "वा, आज मासे किती छान वर आलेत" म्हणून फोटो काढत बसलं असतं. दातांचे डॉक्टर तोंडं वासलेली रोजच बघतात, त्यांना काय कळणार होतं?

बाकी सर्व ठीक. नातीची दृष्ट लागण्याइतकी वर्णनं करू नकोस.

तुझी,
ताई

ता.क. टाकी मला दे. माझ्या घरी खिडकीशेजारची भिंत मोकळीच आहे. तुम्ही आलात की मी घरी जाणार आणि सकाळी उठून कोणाचा राउंड घेणार? मला करमणार नाही रे.

ता.क. २. पंपाचा प्लग कोणी काढला होता, असं भावजयबाई विचारतील. इस्त्रीला दुसरीकडे जागा नव्हती.

ता.क. ३. पिवळे मासे आता दोन आहेत. पहिला वाळूत असताना मी दुकानातून तसाच दुसरा आणून सोडला होता, तुला कळू नये म्हणून. दोघांचं छान जमतं. तुझा कुठला, ते आता मलाही सांगता येणार नाही.

ता.क. ४. डॉक्टरांचा माणूस काल टाकीची मापं घ्यायला आला होता. मी अवाक्षर काढलं नाही. फक्त टाकीवर 'संसर्गजन्य. लांब उभे राहा.' अशी पाटी लावली आणि तोंडाला मास्क बांधून दार उघडलं. तो जिन्यातूनच परत गेला. डॉक्टर तुला आज-उद्या फोन करतील. आजाराचं नाव मी सांगितलेलं नाही, तू चांगलं लांबलचक काहीतरी सांग. आणि सांगशील ते आधी मला कळव, म्हणजे पाटीवर लिहिते.