चुंगकिंगची कढई आणि रुखमाची डबी

सेलू, ता. १२ डिसेंबर १९५६

पुनाजीभाऊ यांस, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे टिकारामचा, वाकून रामराम. मी चीनहून सुखरूप परतलो. तुमचा गुडघा आणि म्हैस दोन्ही बरे असतील अशी आशा आहे. (रुखमाची प्रकृती विचारत नाही. भावाच्या घरी हिंगणघाटला तीन महिने राहून बहिणीला काय धाड भरली आहे!)

भांडण कशावरून झालं ते तिनं सांगितलंच असेल, पण माझी बाजू ऐका. चीनला जाणाऱ्या भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या मंडळात सबंध वर्धा जिल्ह्यातून मी एकटा निवडला गेलो. निघताना ही जवसाच्या चटणीची डबी घेऊन दारात उभी. मी म्हटलं, देशाचा पाहुणा बायकोची चटणी घेऊन जात नसतो, त्यातून तुझी चटणी म्हणजे लेकरांचा खाऊ. त्यावर म्हणाली, "मंग जा देशाचे पाहुणे! मी बी माह्या भावाकडे जातो." आणि गेली. असो.

चुंगकिंग हे शहर डोंगरावर चढवलेलं आहे. एका घराच्या छपराशी दुसऱ्याचा उंबरठा. खाली दोन नद्या मिळतात, एक गढूळ, एक हिरवी, आणि बरंच अंतर एकमेकींशी न बोलता शेजारून वाहतात. (मला उगीच आमचं घर आठवलं.) बैलगाडीचं नाव नाही, नुसत्या पायऱ्या. घाटापासून वर तीनशे अकरा, मी मोजल्या. नागपूरचे प्रतिनिधी दीडशेव्या पायरीवर फतकल मारून बसले. मी मात्र एका हमालाची कावड मागून घेतली आणि कोबीच्या टोपल्यांसकट वर नेली. जन्मभर वांगी बाजारात वाहिली ती कुठं जातील? लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी नाटक दाखवलं. आपल्या दंडारीच्या खेळापेक्षा झांजा जास्त, गोष्ट रुसलेल्या राणीची. मी मधूनच उठलो.

दुसऱ्या दिवशी मेजवानी. मेजाच्या मधोमध शेगडी, तीवर कढई, कढईत लालभडक उकळता रस्सा. कच्ची भाजी त्यात बुडवायची, शिजली की खायची. दुभाषी बाईनं जपून खा म्हणून बजावलं. कुणाला, तर वर्ध्याच्या माणसाला! मी उभं राहून जाहीर केलं की आमच्याकडे पाळण्यातलं पोरही मिरचीच मागतं. मग घास घेतला. मिरचीचं काही नाही हो, पण त्यात त्यांचे कसलेसे बारीक दाणे असतात, त्यांनी ओठ, जीभ, गाल सगळं बधिर होतं. मला वाटलं, लकवा मारला. पण माघार घेईल तो टिकाराम कसला! घरचा उपाय आठवला, तिखट लागलं की वरून तेल. रस्स्यावर बोटभर तेल तरंगतच होतं. ते पळीनं वाटीत घेतलं आणि एका दमात प्यालो. दुभाषी बाई ताडकन उठून उभी राहिली. (त्यांचं सगळं तिखट त्या तेलातच उतरलेलं असतं, हे मागाहून कळलं.) मी हूं की चूं केलं नाही. जीभच हलत नव्हती. आचारी बाहेर येऊन मला नमस्कार करून गेला. देशाची मान उंच राहिली.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
टिकाराम

ता. क. रविवारी सेलूत माझा सत्कार आहे. मला एकट्याला हार चालतो, पण गावच्या मंडळींना जोडपंच हवं आहे. त्यांच्या हट्टापुढे माझं काय चालणार? रुखमाला धाडावी.

ता. क. दुसरा. सोबत एक डबी पाठवतो आहे, रुखमा ओळखेल. मी नको म्हटलं तरी तिनं ती माझ्या धोतराच्या घडीत घातली होती. रिकामं भांडं परत करू नये, म्हणून त्या आचाऱ्याकडून मागून आणलेले दाणे भरले आहेत. कुणी चाखले तर वरून तेल घेऊ नका.

ता. क. तिसरा. ती डबी मला मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. पेजेवर चटणी घेतली आणि सगळ्या मंडळासमोर डोळ्यांतून धार लागली. तिखट लागलं असं मी त्यांना सांगितलं, सत्कारातही तेच सांगणार आहे. रुखमाला तेवढं खरं सांगा. जीभ अजून बधिर होती, मला कसलीच चव कळत नव्हती.