माय, मले नाचाले लावलं

माय, तुले जाऊन इतकी वर्षं झाली की तुह्याशी भांडायचंही मी सोडून दिलं होतं. पण यंदा भांडल्याशिवाय राहवत नाही. मी सांगून राहिली अन् नात लिहून राहिली. ती मधेच फिदीफिदी हसते, मी तिले दटावते अन् पुढं सांगते.

मले कॅन्सर झाला होता. तो गेला, पण सलाईनमधल्या औषधानं पायाच्या नसा मारून टाकल्या. डॉक्टर म्हणे, "आजी, जीव वाचला, आता पाय हळूहळू येतील." येतील म्हणजे काय, गावाले गेले काय ते? पाय जागेवरच आहेत, फक्त खबर देत नाहीत. अकोल्याच्या जुन्या शहरात बाजाराले गेली, मोर्णेचा पूल ओलांडला, तवा एक बाई म्हणे, "आजी, एका पायातली चप्पल कुठी?" मले पत्ताच नाही!

तेही चाललं असतं. पण भाजीच्या वाफ्यात चप्पल घालून उतरायचं नाही, हा तुहा कायदा. "जिचं खातो तिच्या छातीवर चामडं ठेवतं का वं?" म्हणून एवढीशी असताना माह्या पाठीत धपाटा घातला होता तू. तो कायदा मी अजून पाळते. मेथी काढाले अनवाणी गेली, घरी येऊन चहा मागितला, तं सून किंचाळली. ओसरीभर रक्ताची पावलं. बाभळीचा काटा पार आत गेला होता अन् मी आपली साखर कमी टाक म्हणून राहिली. पोरानं त्याच दिवशी मले मळा बंद केला. "डॉक्टर हो म्हणल्याशिवाय वाफ्यात पाय ठेवायचा नाही, माय. नाहीतं गमबूट घाल." गमबूट! मेथीत! मळ्यात जाता येत नसन तं या वाचलेल्या जिवाचं मी काय लोणचं घालू?

मग पोरीकडं अमरावतीले आली. तिथला डॉक्टर म्हणे, नाचाच्या वर्गाले जा. तालावर पाय पडला की उरल्यासुरल्या नसा कामाले लागतात, तोल सावरतो. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, माही माय असती तं तुमाले उभं चिरलं असतं."

आठवते का तुले? भुलाबाईच्या फेरात मी टिपऱ्या घेऊन गिरकी मारली, अन् पारावरची माणसं पाहून राहिली होती. वेणी धरून नेलं तू मले. टिपऱ्या चुलीत घातल्या. "नाचऱ्या पायांनी रोपं तुडवली जातात," म्हणे. तवापासून किती वराती गेल्या दारावरून, मी आपली खांब धरून उभी.

वर्गातली मास्तरीण नातीएवढी पोरगी. दारातच सगळ्याईच्या चपला काढाले लावते. तुहीच बहीण! एक रिटायर गुरुजी आहेत, तेही माह्यासारखेच कॅन्सरच्या औषधातून निघालेले. ते माह्या पायावर पाय देतात अन् वर माफी मागतात. मी म्हणते, "तुडवा गुरुजी, मले कुठं समजते!" ते म्हणतात, "मले तरी कुठं समजते, आजी!" अन् ती पोरगी ओरडते, "आजी, खाली पाहू नका, पायावर भरवसा ठेवा!"

माय, हेच तं तू म्हणायची. डोक्यावर पाण्याची घागर, दोन वाफ्यांमधला वीतभर वरंबा, अन् मागून तुहा आवाज, "खाली पाहू नको, पायाले वाट माहीत आहे." हा नाचच होता ना वं बाई? मग टिपऱ्या काहून जाळल्या?

परवा वर्गातली फरशी नुकतीच पुसली होती. फेर धरला अन् डाव्या अंगठ्याले काहीतरी थंडगार लागलं. मी उभीच राहिली. गुरुजी येऊन आदळले. पुन्हा अंगठा टेकवला, पुन्हा थंड. ओली फरशी होती, माय, अन् मले समजली होती!

कोणाले सांगितलं नाही. सांगितलं तं पोरगा उद्याच गाडी घेऊन येते, अन् इथं येत्या पुनवेले टिपऱ्यांचा फेर आहे, त्यात मी पुढं आहे. मळ्यासाठी नाचाले गेली होती, अन् आता मळ्यालेच थांब म्हणून राहिली. नातीले शपथ घातली आहे.

हा कागद कुठं पाठवू, तुलेही अक्षर येत नोतं. पण ऐकत असशील तं एवढंच, पुनवेले वेणी धराले येऊ नको. आलीस तरी काय धरशील? केस आत्ता कुठं बोटभर झाले आहेत.