दुसऱ्या अंतऱ्याआधी

प्रिय ठेकेदार,

चिडू नकोस. ऑर्केस्ट्रातल्या मंडळींनीच तुला हे नाव पाडलं, आणि मला आता दुसरं तोंडात बसत नाही. मी लय पळवते म्हणून तू मला घाईबाई म्हणायचास, तेव्हा फिट्टंफाट.

गॅरेजवरची आपली तालमीची खोली आहे तशीच आहे. भिंतीवरचा फोम तेवढा उंदरांनी कुरतडलाय. तुझ्या ड्रमच्या जागी आता जेवणाच्या डब्याएवढं रिदम मशीन बसलंय. कीबोर्डवाला त्याचं कौतुक करून थकत नाही. म्हणे चुकत नाही, चहाही मागत नाही! खरंय, पण मेलं थांबतही नाही. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला, परत मुखड्यावर आले, की पुढचं म्युझिक ठरलेल्या मापात संपतं आणि मशीन दुसऱ्या अंतऱ्याला लागतं. मी तिथे अजून श्वासच घेत असते. तू माझ्या खांद्यांकडे बघायचास. ते खाली आले नसले, की गुपचूप एक आवर्तन जास्त वाजवायचास. ऐकणाऱ्यांना वाटायचं, गाणं असंच बांधलंय.

गाण्यात एवढी घाई करणारी मी, तू लग्नाचं विचारलंस तेव्हा मात्र 'बघू, बघू' करत बसले. शेवटी तू ऑर्केस्ट्रा सोडून वाद्यांच्या दुकानात नोकरी धरलीस. तुझं काही चुकलं नाही. आठवण मात्र येते रे, रोज येते.

आता नीट ऐक. माझा घसा बरेच दिवस बसलेला होता, मी आपली गरम पाण्यावर भागवत होते. तपासलं तर गाठ निघाली, वाईट गाठ. सोमवारी ऑपरेशन आहे, स्वरयंत्र काढणार आहेत. जीव वाचेल म्हणतात, आवाज राहणार नाही. मला फार भीती वाटते. म्हणून रविवारी दुपारी आपण बसवलेलं पहिलं गाणं रेकॉर्ड करून ठेवायचंय, आणि ते मला मशीनवर नकोय. तुझे ड्रम आणि काठ्या घेऊन ये. दोन्ही अंतरे मी कसेबसे ओढीन. शेवटी मुखड्यावर परत येता येईल की नाही, सांगता येत नाही. नाहीच आले, तर हात थांबवू नकोस. माझ्या खांद्यांकडे बघ आणि वाजवत राहा.

तुझीच,
घाईबाई