देव पाण्यातच राहू दे

भार्गवी सूनबाई,

चिठ्ठी पिठाच्या डब्यात ठेवली, तिथं तुह्या सासऱ्याचा हात जात नाही. त्यायले घेऊन मी अकोल्याच्या बसनं दवाखान्यात चालली. डाक्टरानं कॅन्सर सांगतला, ते त्यायले मालूम नाही.

घरातले देव मी परातीत पाण्यात बुडवून ठेवले. हे बरे होईपर्यंत काढणार नाही. आमचा जीव टांगणीले अन् त्यानं काऊन कोरडं बसावं?

आज सकाळी ह्यायनंच ते काढून पंच्यानं पुसले. म्हणे, "काऊन वं, देवाले आंघोळ घालून विसरली काय?" मी म्हटलं, उद्धवच्या बदलीसाठी बुडवले. तर त्यायनं सोताच्या हातानं परत पाण्यात ठेवले अन् पोराची बदली चिखलीले होऊ दे म्हणून हात जोडले.

चाळीस वर्षं मी पूजा केली. आता देवानं ऐकलं तर बदलीचंच ऐकन.

तुले मी कधी देवाले हात लावू देला नाही. आता परातीतलं पाणी कमी झालं तर तूच भर. अन् खरं काय ते देवाले तूच सांग. मी त्याच्याशी बोलत नाही.