कंगव्याएवढी फट

प्रिय दादा,

हे पाकीट वहिनीच्या हातात पडलं असणार, तिने ते तुझ्यासमोर ठेवलं असणार आणि स्वयंपाकघरात जाऊन कान टवकारले असणार, हे मला इथे बसून दिसतंय. वहिनी, खुशाल ऐक. दोन वर्षं फोनवर दादाची चौकशी केली की तुझं उत्तर एकच, 'ते रंधा मारतायत.' सणावारी रंधा, रविवारी रंधा. एव्हाना गावातलं लाकूड संपायला हवं होतं. तेव्हा दादा, तू फोनवर येणार नाहीस हे मान्य करून मी लिहायला बसलोय. छापलेला असो की लिहिलेला, कागद हातात आला की तू तो पुरता वाचल्याशिवाय खाली ठेवत नाहीस, अगदी औषधाच्या बाटलीवरचासुद्धा. मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. ती शेवटी सांगतो, नाहीतर तू आत्ताच मान हलवून मोकळा होशील.

आधी इथल्या हवेचं ऐक. हवा कसली, पाणीच ते, फक्त ओतायचं राहिलेलं. आल्या दिवशी विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्मा पांढराफटक झाला. हिने ओढणीने पुसून दिला, तर पुन्हा पांढरा. नव्या देशाचं पहिलं दर्शन मी असं आंधळ्यासारखं, बायकोचा हात धरून घेतलं. आंघोळ करून अंग पुसावं, तर पुसता पुसता पुन्हा ओलं. पाठभर घामोळं उठलं. मी भिंतीला पाठ घासत उभा राहायचो आणि ही हसून हसून खाली बसायची. डबीतल्या मिठाचा दगड झाला. लग्नातला चामडी पट्टा कपाटातून काढला, तर त्यावर हिरवी लव उगवलेली. शेवटी वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या नर्सबाईंनी कपाटात एक बल्ब कायम जळता ठेवायला सांगितला. तेव्हापासून आमचे कपडे उजेडात राहतात आणि कोरडे असतात. आपल्याकडे धुतलेला शर्ट अर्ध्या तासात दोरीवर कडकडीत व्हायचा, त्याची मला स्वप्नं पडायची.

आता एक कबुली. तुझी पाऊण इंची पटाशी माझ्याकडे आहे. हत्यारांच्या पेटीखाली, माळ्यावर, वहिनीच्या पिठाच्या डब्यामागे शोधली असशील, तर आता थांब. निघताना तू मागच्या अंगणात पाठ करून उभा होतास. तू काही बोलत नाहीस म्हटल्यावर तुझं काहीतरी घेऊन जावं असं वाटलं आणि मी ती बनियनमध्ये गुंडाळून बॅगेत टाकली. इथे आल्यावर आठव्या दिवशी उघडून बघतो तर तिच्यावर तांबूस गंज. दादा, घामोळ्याने रडलो नव्हतो, पण त्या दिवशी रडलो. दगडावर घासून घासून ती पहिल्यासारखी केली. आता रोज काम संपलं की तिला तेलाचा हात फिरवतो आणि फडक्यात बांधून ठेवतो. मुठीवरची तुझ्या अंगठ्याची खाच आहे तशीच आहे.

कामाचं सांगायचं तर पहिलंच मोठं काम मी असं काही नासवलं की वर्कशॉपमध्ये अजून त्याचे किस्से चालतात. एका शाळेची नऊ दारं. सुट्टी चालू होती, चार दिवस ऊन पडलेलं, इमारत रिकामी. मी जीव ओतून दारं केली. तुझ्या हातची शिस्त, बिजागरी बसवली की दार आणि चौकट यांच्यामध्ये पोस्टकार्ड घालून बघायचं, शिरलं तर दार परत रंध्याखाली नाही, थेट सरपणात. माझ्याकडे पोस्टकार्ड नव्हतं म्हणून विमानाच्या तिकिटाचं जाड पाकीट वापरलं. नऊच्या नऊ दारांत ते कुठेही शिरलं नाही. मी स्वतःवर इतका खूश झालो की येताना हिच्यासाठी गजरा शोधत फिरलो. तो काही मिळाला नाही, मग कलिंगड नेलं.

पुढचे तीन आठवडे धो धो पाऊस. शाळा उघडली त्या सकाळी मला बोलावणं आलं. जाऊन बघतो तर सगळी पोरं मैदानात नाचतायत, कारण नऊच्या नऊ वर्गांची दारं फुगून चौकटीत रुतून बसली होती. हेडमास्तर टाय लावून एका खिडकीत अर्धे आत, अर्धे बाहेर. मीही खिडकीतून आत उतरलो, बिजागऱ्यांच्या सळया ठोकून काढल्या आणि लाकडी हातोड्याने एकेक दार सोडवलं. दर दाराला बाहेर टाळ्या पडत होत्या. पोरांना वाटलं, शाळेने त्यांच्यासाठी जादूगार बोलावलाय. आमच्या वर्कशॉपच्या मालकीणबाई, साठीच्या, काटक, धावत आल्या. मला वाटलं, आज आपली रवानगी. तेव्हा मला त्यांची भाषा कुठे कळत होती. त्यांनी अंबाड्यातला कंगवा काढला, दाराच्या कडेला आडवा धरून दाखवला आणि माझ्या हातात दिला. इथल्या लाकडाला अंग फुगवायला जागा लागते, वर्षातले आठ महिने ते पाणी पितं. जिथे माझ्या दादाचं पोस्टकार्ड जाता कामा नये, तिथे बाईंचा कंगवा जायला हवा. संध्याकाळपर्यंत मी नऊ दारं रंधून काढली, घामाने पायातले बूट पचपच वाजत होते, आणि खरं सांगतो, आल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्याने हसलो.

तेव्हापासून सगळं सोपं होत गेलं. हवेशी भांडायचं सोडून दिलं. पहाटे कामाला जातो, दुपारी दोन तास फरशीवर उघड्या अंगाने पडतो, हळू चालतो. इथे घाईने चालणारा माणूस दिसला की तो नवा आहे हे सगळे ओळखतात. खांद्यावर पंचा असतो, तुझ्यासारखाच. हिचे केस या हवेत कुरळे झालेत, तुझी भावजय आता ओळखू यायची नाही. दुपारी ती बादलीत पाय सोडून बसते आणि नर्सबाईंशी निम्म्या खुणांनी, निम्म्या शब्दांनी तासन्‌तास गप्पा मारते. त्या तिला जिना हळू चढ म्हणून दम देतात, वहिनी द्यायची तसाच. मालकीणबाईंनी मला हल्ली दारांचा मुख्य करून टाकलंय. माझी दारं भर पावसात एका बोटाने उघडतात. पहिल्या कंगव्याचे दात तुटले, आता दुसरा चालू आहे.

पण गावातल्या त्या दवाखान्याच्या दाराबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं व्हायचं नाही. मी केलेल्या त्या दारातून तुझं पोस्टकार्ड आरपार खाली पडलं आणि तू डॉक्टरांसमोर, कंपाउंडरसमोर ते दार उतरवलंस, खांद्यावर टाकलंस आणि भर रस्त्याने घरी घेऊन आलास. मी मागून चालत होतो. सगळा बाजार बघत होता. त्याच आठवड्यात मी इथल्या नोकरीचा अर्ज भरला आणि तुला निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. दोन वर्षं मी मनात तुझ्याशी भांडलो. कंगवा हातात आला तेव्हा तर वाटलं, बघ, माझी फट बरोबर होती. पण नव्हती ती बरोबर. मला त्या दिवशी क्रिकेटची मॅच बघायला जायचं होतं आणि मी दार घाईत उरकलं, एवढंच. इथे मी फट मोजून सोडतो, तिथे ती आळसाने राहिली होती. बाबा गेल्यावर एकोणिसाव्या वर्षी तू दुकान अंगावर घेतलंस आणि लाकडाच्या ढलप्यांत खेळणाऱ्या मला एवढा केलास. तुझं नाव त्या दारावर होतं. चूक माझी होती, दादा. न सांगता निघालो तीही माझीच.

आता मागायचं ते मागतो. आम्ही याच इमारतीत दोन खोल्यांच्या घरात आलोय. आतल्या खोलीची चौकट मी उभी केली, पण दार केलेलं नाही, चार महिने नुसता पडदा आहे. मालकीणबाई विचारतात, सगळ्या गावाला दारं करतोस आणि स्वतःच्या घरात पडदा का. मी सांगतो, त्या दाराचा कारागीर यायचाय. ती खोली बाळाची आहे. हिला सातवा लागलाय, तू काका होणार आहेस. वहिनी, डोळे पूस आणि बॅगा भरायला घे. दादा, तू ये आणि ते दार तू कर. लाकूड आणून ठेवलंय, पटाशीला धार आहे, ती मी पोस्टाने पाठवणार नाही, न्यायला तुलाच यावं लागेल. फट किती ठेवायची यावरून आपण पोटभर भांडू. आणि शर्टाच्या खिशात तू जन्मभर जे कोरं पोस्टकार्ड बाळगतोस, ज्यावर कधी कुणाला एक ओळ लिहिली नाहीस, ते एकदा काढ. पोस्टाचं तिकीट जास्तीचं लागेल, ते वहिनी लावेल. त्यावर फक्त तुझी यायची तारीख लिही आणि पेटीत टाक.

तुझाच,
ढलप्या