सूनबाईचं मधलं नाव

आई, तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज मी तुला लिहायला बसलोय ते एका व्हिसाच्या अर्जामुळं. तुझ्या नातवानं दुबईच्या हॉटेलात नोकरी करताना फिलिपिन्सच्या मुलीशी लग्न केलं आणि तिला घेऊन शिरूरला आला. भाकरी थापायला तिला सहा महिने लागले, पण 'हाय' आणि 'न्हाई' आठवड्यात जमलं. तिची आई अँडोरा नावाच्या देशात एका म्हातारीची देखभाल करते. फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या डोंगरातला एवढासा देश, आपल्या शिरूर तालुक्यात मावून वर जागा उरेल. मायलेकींची नऊ वर्षांत भेट नाही. आता आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि पोरीला त्याआधी पोचायचं होतं. मी म्हणालो, अर्ज मी भरतो. तीस वर्षं तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितोय, याचं काय एवढं!

पण वाचत गेलो तसा थक्क होत गेलो. त्या देशात विमानतळच नाही. जायचं ते स्पेनमधून नाहीतर फ्रान्समधून, आणि तिथं उतरायला फिलिपिनो माणसाला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच परवाना, लागतोच. तोही एकदाच आत सोडणारा चालत नाही. डोंगर चढून अँडोरात गेलं की माणूस त्या शेंगेन देशांच्या हद्दीबाहेर गेला. परतीच्या विमानासाठी पुन्हा आत यायचं, म्हणून अनेक वेळा आत सोडणारा व्हिसा हवा. आपल्या वडगावच्या रानासारखंच, जाताना दुसऱ्याचा बांध आणि येतानाही. विमा, तिकिटांचं बुकिंग, बँकेचा उतारा, तिचा इथं राहायचा परवाना, तिच्या आईनं पाठवलेलं बोलावणं, सगळं मी क्रमानं लावलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पुण्याच्या व्हिसा काउंटरवरून फाइल परत आली. नाव पासपोर्टशी जुळत नाही म्हणाले. मी आपलं हाताच्या सवयीनं लिहिलं होतं: तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आपलं आडनाव. घरी येऊन सुनेनं ओट्यावर अर्ज ठेवला आणि म्हणाली, "आप्पा, ही बाई मी न्हाई."

"अगं, लग्न झालंय तुझं. मधी नवऱ्याचं नाव येतं."

"आमच्याकडं मधी आई येती," ती म्हणाली आणि पासपोर्टवर बोट ठेवलं.

आई, त्यांच्याकडं प्रत्येक लेकराचं मधलं नाव म्हणजे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव असतं. मंत्री असो की हमाल, सगळा देश आईचं माहेर आपल्या नावात घेऊन हिंडतो. आणि जिला भेटायला ही पोर निघाली होती, नेमकी तीच मी अर्जातून खोडली होती. तेव्हा तू आठवलीस. डबा घेऊन तू कचेरीपाशी आली होतीस, माझ्यासमोर इनामगावची एक बाई उभी आणि मी तिचा अर्ज तिच्या नवऱ्याला विचारून लिहीत होतो. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "तिला तोंड हाय ना? तिला इचार की." त्या दिवशी मला तुझा भयंकर राग आला होता. आता लाज वाटते.

नवा अर्ज मी तिला शेजारी बसवून, एकेक अक्षर विचारून भरला. व्हिसा वेळेत मिळाला, हवा तसाच. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी ती पोचली. काल तिनं दवाखान्यातून व्हिडिओ कॉल केला. तिची आई उशीला टेकून बसलेली, चेहरा उतरलेला पण हसरा. तिनं मला हात जोडले आणि लेकीला काहीतरी विचारलं.

"आप्पा, ती इचारती, तुमच्या आईचं नाव काय?"

मी रेशनकार्डावरचं सांगितलं.

"ते लग्नात ठेवलेलं ना? आदीचं काय?"

मामा तुला आक्का म्हणायचे, वडील 'अगं' म्हणायचे. आता दोघंही नाहीत आणि विचारावं असं कुणी उरलं नाही. मी सुनेला म्हणालो, रेंज जातीये, आणि फोन ठेवला.

रेंज चांगली होती, आई. तुझं ते नाव मी कधी विचारलंच नव्हतं.